आकाशातून ज्वारी पडते त्या गावात वाटप कसं करायचं

अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, लातूरच्या आडत बाजारात तीस वर्षं पोती उचलली, शेवटी शेवटी मुकादम झाले. त्यामुळं थप्पी, बारदान, सुतळी, तोलाई हे शब्द मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत, आणि दक्षिण सुदानमध्ये रिलीफच्या कामाला पहिल्यांदा गेलो तेव्हा डिग्रीपेक्षा तेच जास्त कामाला आले. आता दर महिना-दोन महिन्याला कुणीतरी मेसेज टाकतं की दादा मला पण जायचंय, तिकडं नेमकं करायचं काय असतं, तर एकदाच सविस्तर लिहून टाकतो. सगळं काम एका लेखात बसणार नाही म्हणून एकच काम धरतो, रस्ता नसलेल्या गावात विमानातून टाकलेलं धान्य लोकांच्या घरापर्यंत नीट कसं पोचवायचं.

आधी देशाचं थोडक्यात. दक्षिण सुदान ९ जुलै २०११ ला सुदानपासून वेगळा झाला, आणि डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांनीच काढून टाकलेले उपराष्ट्राध्यक्ष रिएक माचार यांच्या फौजा राजधानी जुबातच एकमेकांवर तुटून पडल्या, बघता बघता त्याचं डिंका (कीर यांची जमात) विरुद्ध नुएर (माचार यांची) असं झालं. २०१५ चा करार जुलै २०१६ ला जुबातच मोडला (तेव्हा आपल्या हवाई दलाने ऑपरेशन संकटमोचन करून तिथले भारतीय बाहेर काढले होते, बातम्या आठवत असतील). सप्टेंबर २०१८ ला परत करार, फेब्रुवारी २०२० ला एकत्र सरकार, मार्च २०२५ ला ईशान्येकडच्या नासिर गावातल्या लढाईनंतर माचार नजरकैदेत. त्यात एप्रिल २०२३ पासून शेजारच्या सुदानात युद्ध पेटलं आणि दहा लाखांहून जास्त माणसं सरहद्द ओलांडून इकडं आली. २०२५ च्या एप्रिल ते जुलैच्या अंदाजात ७७ लाख लोक, म्हणजे निम्म्याहून जास्त देश, तीव्र उपासमारीत धरला होता. हे सगळं पाठ करायची गरज नाही, पण कुठल्या गावात कुणाचं माणूस बसलंय हे माहीत नसेल तर पहिल्याच मीटिंगमध्ये नको ते बोलून बसाल.

आता विमानातून का टाकायचं, ट्रकने का नाही, हे मराठवाड्याच्या माणसाला समजावून सांगायला लागत नाही. तिथली बरीच माती आपल्यासारखीच काळी आहे, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसात पायाला दोन-दोन किलो चिखल चिकटतो. मे ते ऑक्टोबर पाऊस, आणि देशाच्या मधोमध सड्ड नावाची नाईलची अफाट दलदल. ट्रक एकदा रुतला की महिनोन् महिने तिथंच. २०१९ पासून पूर पण असे आले की बेंतिऊसारखं गाव चारी बाजूंनी पाण्यात आणि लोक मातीच्या बांधांच्या आत राहतायत. म्हणून मग विमान. डब्ल्यूएफपी म्हणजे जागतिक अन्न कार्यक्रमाची इल्युशिन-७६ विमानं येतात, एकेक विमान साधारण ३० टन माल टाकून जातं. ट्रकपेक्षा हे कितीतरी पट महाग पडतं त्यामुळं हौसेने कुणी करत नाही, दुसरा मार्गच नसला तर करतात.

जायच्या आधीचं पटकन उरकतो. स्वतःच्या पैशाने तिकीट काढून मदतीला जायचं नाही, तिथं तुम्हाला सांभाळायला चार माणसं गुंतवावी लागतात. संस्थेतून जा, बऱ्याच संस्था आपल्या फील्डमधला दोनेक वर्षांचा अनुभव मागतात. यलो फीवरची लस निदान १० दिवस आधी घ्या आणि ते पिवळं पुस्तक पासपोर्टलाच रबरबँडने बांधून ठेवा, कारण ते तिकडं जाताना लागतंच पण परत मुंबईत उतरताना पण बघतात, नसलं तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये बसवू शकतात. मलेरियाची गोळी डॉक्टरला विचारून चालू करा, आणि घरी आल्यावर कधी पण ताप आला तर पहिलं वाक्य "मी दक्षिण सुदानहून आलोय" हे बोला, नाहीतर इकडचा डॉक्टर व्हायरल म्हणून पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवतो. सामान १५-२० किलोच्या वर घेऊ देत नाहीत, तेव्हा लोणचं-चटणी घ्या पण बरणीत नको, पिशवीत. हेडटॉर्च, गमबूट, मच्छरदाणी. बास.

आता मुख्य काम. लोकांना वाटतं विमान येतं ती मोठी गोष्ट. विमान तर येतंच. खरं काम यादी.

हेलिकॉप्टरने तुमची चार-पाच जणांची टीम आधी गावात उतरते. उतरल्या उतरल्या मोजणी चालू करायची नाही. पहिला दिवस फक्त भेटायचं. तिकडं तालुक्याला काउंटी, त्याखाली पायाम आणि त्याखाली बोमा म्हणतात, म्हणजे आपलं तालुका, सर्कल, गाव असं समजा. काउंटीचा कमिशनर, सरकारच्या रिलीफ कमिशनचा माणूस, पायामचे चीफ, चर्चमधले लोक, आणि बायकांचा जो कुणी गट असेल तो, सगळ्यांकडं जायचं. विरोधी गटाच्या ताब्यातलं गाव असलं तर त्यांचं वेगळं ऑफिस असतं, तिथंही तोच नमस्कार आणि तीच भाषा. एकाला चहाला बसलात आणि दुसऱ्याला टाळलंत तर संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला माहीत. आणि म्हाताऱ्या माणसांशी नक्की बोला. १९८९ पासून ऑपरेशन लाइफलाइन सुदान चालायचं, केनियातल्या लोकिचोगिओवरून विमानं यायची, १९९८ च्या बहर अल गझल भागातल्या दुष्काळात पण पोती वरून पडलीत. तुमच्यापुढं बसलेल्या आजोबाने तुमच्या जन्माआधीपासून वाटपं बघितलेली असतात आणि कुठं चोरी होते हे त्याला तुमच्या मॅनेजरपेक्षा चांगलं कळतं.

मग आकडा. चीफ सांगणार आमच्या बोमात ९ हजार माणसं. तुमच्याकडच्या जुन्या कागदात ४ हजार. लगेच खोटारडा म्हणून मोकळं व्हायचं नाही, कारण कधी आकडा फुगवलेला असतो आणि कधी खरंच शेजारच्या काउंटीतून पळून आलेले पाच हजार लोक झाडाखाली बसलेले असतात. आपल्याकडं दुष्काळाची यादी आली की सरपंचाच्या चुलत्याचं नाव दोनदा आणि वस्तीवरल्या विधवेचं एकदाही नाही, तसंच तिथं. म्हणून दोन गोष्टी करायच्या. एक म्हणजे चालायचं, स्वतः, सकाळी सहाला, तुकुल मोजत (तुकुल म्हणजे गवताच्या छपराची गोल झोपडी), चुलीतनं धूर येतोय का, बाहेर भांडी आहेत का बघत. आणि दुसरं, शेवटची मोजणी सगळ्या बोमांत एकाच दिवशी एकाच वेळी करायची, नाहीतर तीच माणसं सकाळी इथं आणि दुपारी तिथं, आणि मी त्यांना दोष पण देत नाही, लेकरं उपाशी असल्यावर मी पण तेच केलं असतं.

नाव नोंदताना घरातल्या बाईचं नाव लिहायचं. तिकडं एका माणसाच्या दोन-तीन बायका असणं नेहमीचं आहे आणि प्रत्येकीची चूल वेगळी, लेकरं वेगळी. नवऱ्याच्या नावावर एकच कार्ड केलं तर धाकटीच्या चुलीला काय जाईल हे त्याच्या मर्जीवर. एक चूल एक कार्ड, हा नियम पहिल्या दिवशीच चीफच्या तोंडून सगळ्यांसमोर वदवून घ्या. काही ठिकाणी बोटाचे ठसे घेऊन मशीनवर नोंदणी असते, तिथं सोलर पॅनल आणि बॅटऱ्या दुप्पट न्या. म्हाताऱ्या, अपंग, नुकत्या बाळंत झालेल्या, ज्यांना रांगेत उभं राहता येणार नाही त्यांच्या कार्डावर खूण करा, आणि त्यांच्या वतीने कोण येणार ते तिथंच लिहून घ्या.

माझी चूक सांगतो. जोंगलेई राज्यातलं एक गाव, नाव नको. माझं पहिलंच वाटप. पलीकडच्या काठाला एक वस्ती होती, मध्ये छातीएवढं पाणी, आणि होडी मिळेना. मी म्हटलं ते लोक येतील इकडं नोंदणीला, निरोप पाठवलाय. निरोप ज्याच्याकडं दिला तो त्यांच्या भांडणातल्या घराण्याचा, त्याने तो दिलाच नाही. वाटप संपलं, थप्पी संपली, ताडपत्री गुंडाळली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चाळीसेक बायका पाण्यातनं चालत आल्या, डोक्यावर रिकामी टोपली, काहींच्या कडेला लेकरं. त्यातली एक काही बोलली नाही, नुसती थप्पीच्या जागेवर सांडलेले दाणे होते तिथं बसली आणि मातीसकट पदरात भरायला लागली. पुढच्या फेरीत त्या वस्तीचं नाव यादीत सगळ्यात वर होतं, पण पुढची फेरी म्हणजे पाच आठवडे. तेव्हापासून पाण्यापलीकडं स्वतः गेल्याशिवाय मी यादीवर सही करत नाही.

आकडा पक्का झाला की हिशोब. पूर्ण रेशन म्हणजे माणशी दिवसाला साधारण २१०० कॅलरी धरतात, त्यात ज्वारी ५०० ग्रॅम, डाळ ५० ग्रॅमच्या आसपास, थोडं तेल, मीठ. म्हणजे महिन्याला माणशी १५ किलो ज्वारी. पण पैसे कमी पडतात म्हणून कित्येक वर्षं बऱ्याच ठिकाणी अर्धंच रेशन चाललंय, म्हणजे साडेसात किलो. समजा १२ हजार माणसं आहेत, तर साडेसात गुणिले १२ हजार म्हणजे ९० टन, म्हणजे ज्वारीचीच तीन विमानं, डाळ वेगळी. पोतं ५० किलोचं, त्यामुळं २० माणसांचा गट केला की बरोब्बर तीन पोती, तराजू काढायचीच गरज नाही. हा आकडा डोक्यात पक्का ठेवा, वाटपाच्या दिवशी यानेच तुमचा जीव वाचतो. आणि अर्धं रेशन आहे हे विमान यायच्या आधी लोकांना सांगून टाका, ओरडा झाला तरी चालेल. ढीग बघितल्यावर सांगितलं तर उरलेलं अर्धं तुम्ही खाल्लं असंच वाटणार ना.

आता विमानाचा दिवस. माल टाकायच्या जागेला ड्रॉप झोन, बोलताना सगळे डीझी म्हणतात. गावापासून लांब, लांबट, मोकळं मैदान, झाडं नाहीत, पाणी साचलेलं नाही, जवळ शाळा-दवाखाना-गोठा नाही. पांढरी खूण विमानातून दिसेल अशी करायची. पोत्याला पॅराशूट बिराशूट काही नसतं. विमान जमिनीपासून दोन-तीनशे मीटरवर येतं, नाक थोडं वर करतं आणि मागच्या दारातनं पोती घसरत खाली येतात. ५० किलोचं पोतं तेवढ्या उंचीवरून अंगावर पडलं तर माणूस जागेवर संपतो, म्हणून डीझीवर माणूस, कुत्रं, गाय काही म्हणजे काही नको. धान्य एकात एक अशा दोन-तीन पोत्यांत सैल भरलेलं असतं, आतलं फुटलं तरी बाहेरचं धरतं.

डीझी सांभाळणारा माणूस रेडिओवर पायलटशी बोलतो, वारा कुठून आहे सांगतो, मैदान मोकळं आहे सांगतो, आणि त्याने "हो" म्हटल्याशिवाय विमान काही टाकत नाही. तो माणूस तुम्ही असाल तर एकच सांगतो, लाजू नका. समोर ३० टन घेऊन एवढं मोठं विमान घिरट्या घालतंय, तासाला लाखो रुपयांचं इंधन जळतंय, आणि कडेच्या गवतात एक पोरगं बकरीमागं पळताना दिसलं, तर सरळ नाही म्हणा. ते परत फिरून येईल. मी दोनदा नाही म्हटलंय, दुसऱ्यांदा विमान माल घेऊन परत गेलं आणि मला वरून बोलणी बसली, बसू देत. विमान यायच्या दोन तास आधीपासून मैदानाच्या चारी बाजूला गावातलेच लोक उभे करायचे, शक्यतो म्हाताऱ्या बायका, त्यांचं पोरं ऐकतात. बंदूकवाला नको, त्याने गवतात हलतंय म्हणून गोळी झाडली तर काय करणार.

टाकून झालं आणि विमान गेलं असं रेडिओवर नक्की कळलं की हमाल आत. बऱ्याचदा एकाच खेपेत सगळं पडत नाही, विमान दोन-तीनदा वळून येतं, तेव्हा पहिल्या धुरळ्याबरोबर धावत सुटायचं नाही हे हमालांना आदल्या दिवशी दहा वेळा सांगा. हमाल गावातलेच घ्यायचे, सगळ्या बोमातनं सारखे, मजुरी आधी ठरवून, सगळ्यांसमोर. नाहीतर एकाच घराण्याची पोरं आली की बाकीचे डीझीवरच भांडायला उभे राहतात.

थप्पी लावण्याबद्दल बोलायला मला आवडतं त्यामुळं जरा सहन करा. खाली फळ्या किंवा लाकडं, नसली तर दोन थर ताडपत्री. पोती आडवी-उभी आलटून पालटून, तोंड आतल्या बाजूला, दर थराला सारखीच संख्या म्हणजे बाजूने बघून मोजता येतं. दोन थप्प्यांमध्ये माणूस फिरेल एवढी जागा. फुटलेली पोती वेगळी, ती परत भरून, शिवून, वजन करून वेगळ्या वहीत. ज्वारी, डाळ, लहान मुलांचं पीठ यांच्या थप्प्या वेगळ्या. संध्याकाळी मोजून चीफचा एक माणूस आणि तुमचा एक माणूस दोघांची सही. अण्णा म्हणायचे थप्पी वाकडी असली की हिशोब पण वाकडा असतो, आणि हे मी एका केनियन वेअरहाउसवाल्याला भाषांतर करून सांगितलं तर तो म्हणाला आमच्याकडं पण हेच म्हणतात.

डीझीवर सांडलेले दाणे कुणी वेचायचे हे पण आधी ठरवा. शेकडो बायका झाडू घेऊन कडेला थांबलेल्या असतात. शेवटची फेरी झाली की बोमावार वेळ देऊन सोडा, हाकलू नका. तुम्हाला तो कचरा वाटतो, तिकडं ते चार दिवसांचं जेवण असतं.

वाटपाचा दिवस पहाटे चालू करायचा आणि ऊन कलायच्या आत संपवायचा. बायकांना डोक्यावर ओझं घेऊन दोन-तीन तास चालत जायचं असतं, अंधार पडला की वाटेत कोण गाठेल सांगता येत नाही, आणि हे नुसतं चोरीबद्दल म्हणत नाहीये. एका दिवशी सगळ्यांना बोलवू नका, बोमावार दिवस वाटून द्या. रांगेसाठी दोरी आणि बांबू, मध्ये वळण, आत जायचं एक तोंड आणि बाहेर पडायचं दुसरं. पाण्याची टाकी रांगेच्या मधोमध, सावलीला ताडपत्री, थोड्या अंतरावर बायकांसाठी वेगळी आडोशाची संडासं. गरोदर, म्हातारे, अपंग यांची रांग वेगळी आणि आधी.

वाटेतच एक टेबल तक्रारीचं ठेवा, आणि तिथं बसणारी व्यक्ती वाटप करणारी नको, शक्यतो बाई. सकाळी चालू करताना आणि परत दर तासाला हातातल्या भोंग्यावरून गावच्या भाषेत सांगायचं की हे धान्य फुकट आहे, याच्या बदल्यात पैसे, मजुरी, किंवा शरीर कुणी मागितलं तर ते चूक आहे आणि इथं येऊन सांगा. हे वाचायला कसंतरी वाटतं मला माहितीय. पण मदतीच्या नावाखाली हे जगभर घडलंय, आमच्यासारख्याच जॅकेट घातलेल्यांनी केलंय, त्यामुळं लाज बाजूला ठेवून मोठ्याने सांगायचं.

गट आला की कार्ड बघा, पंच करा, तीन पोती दाखवा, गटाच्या म्होरक्या बाईला मोजायला लावा, बाजूला न्यायला सांगा. गटात वाटून घ्यायचं काम त्यांचं त्या करतात, एका डब्याने, आपल्या पायलीसारखं, शिगोशीग भरून हाताने सपाट करून, आणि विश्वास ठेवा तुमच्या डिजिटल काट्यापेक्षा तिथं भांडणं कमी होतात. तुम्ही मध्ये पडू नका, फक्त कुणी एकटी दबली जातेय का ते बघा.

बंदुका. बंदूक घेऊन रांगेच्या जवळ कुणी येणार नाही हे कमिशनरकडून आधीच कबूल करून घ्यायचं, कुठल्याही बाजूचा असो. सैनिकाची बायको आणि लेकरं मात्र साधी माणसंच, त्यांची नावं यादीत असली तर त्यांना मिळणार. रांगेत एखादा बंदूक घेऊन आलाच तर तुम्ही जाऊन हटकायचं नाही, हे सिनेमात चालतं. वाटप थांबवा, पोती आहेत तिथं ठेवा, चीफला पुढं घाला. २०२५ मध्ये नासिरच्या भागात सरकारच्या पैशातून एका खासगी अमेरिकन कंपनीने वरून धान्य टाकलं तेव्हा खूप वाद झाला, कारण त्याच भागात सरकार लढत होतं आणि लढणाराच पोती टाकायला लागला की लोक पोत्याला पण घाबरतात. तुमच्या जॅकेटवर कुणाचं नाव आहे यावर तुमचा जीव असतो, त्यामुळं सैन्याच्या गाडीत लिफ्ट घ्यायची नाही, पाय कितीही दुखले तरी.

रोज ठरलेल्या वेळी रेडिओवर नाहीतर सॅटेलाइट फोनवर हजेरी द्यायचीच. पाठीवरच्या छोट्या बॅगेत पासपोर्ट, पाणी, औषधं, डॉलर, टॉर्च, ती बॅग झोपताना पण उशाला. गोळीबार ऐकू आला तर काय करायचं हे टीमने पहिल्याच रात्री ठरवायचं, कुठं पळायचं, कोण कुणाला मोजणार. आणि फोटो! धावपट्टी, पूल, सैनिक यांच्यावर मोबाइल धरलात तर अटक होते. लोकांचे पण विचारल्याशिवाय नको, हाडं दिसणारं लेकरू इन्स्टावर टाकून लाइक गोळा करायला आपण गेलेलो नाही.

शक्य असेल तर वाटपाच्या जागेवरच एक टेबल लहान मुलांचं लावा. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोरांचा दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी असते, डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोब्बर मध्ये, हात सैल सोडलेला, पट्टी ना घट्ट ना ढिली. १२५ मिलिमीटर आणि वर हिरवं, ११५ ते १२५ पिवळं, ११५ च्या खाली लाल. लाल म्हणजे जीवाला धोका, ते पोर आजच्या आज पोषणाच्या केंद्रात गेलं पाहिजे. पट्टीच्या नादात पाय विसरू नका, दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून उचला, दोन्हीकडं खड्डा राहिला तर ती सूज कुपोषणाची, दंड हिरवा असला तरी. अशा मुलांना शेंगदाण्याची पेस्ट देतात, ९२ ग्रॅमचं पाकीट, ५०० कॅलरी, शिजवायचं नाही पाणी घालायचं नाही. आधी तिथंच खाऊन बघायला द्यायची. आवडीने चाटलं तर पाकिटं देऊन घरी आणि दर आठवड्याला परत, तोंड फिरवलं किंवा ताप-जुलाब असले तर भरती. चव अगदी आपल्या शेंगदाण्याच्या लाडवासारखी, गूळ जरा कमी पडलेला. एकदा एका आजीने पाकिटाचा कोपरा फाडून आधी स्वतः बोटाने चाखलं, मग नातवाच्या हिरडीला लावलं, आणि तो पठ्ठ्या तिचं बोटच सोडेना.

वाटप झालं की आठवड्याभराने घरोघर जाऊन बघतात, त्याला पोस्ट डिस्ट्रिब्यूशन मॉनिटरिंग असं भारी नाव आहे. तिथं नवीन माणसं एक गोष्ट नेहमी चुकीची लिहितात, की अमक्याने धान्य दुसऱ्याला दिलं, म्हणजे गैरवापर. अरे, बहिणीचं घर जळालंय, ती लेकरं घेऊन आलीय, तिला दोन पायल्या दिल्या तर तो गैरवापर? तुम्ही दिलं नसतं? तसं लिहू नका, त्या बहिणीचं नाव पुढच्या यादीत घ्या.

आणि दळण विचारा. अख्खी ज्वारी दिली पण गावात गिरणी नसते, असली तर डिझेल नसतं. बायका उखळात कांडतात, नाहीतर गिरणीवाल्याला त्यातलीच ज्वारी देतात, म्हणजे साडेसात किलोतली किती चुलीवर पोचली ते बघा. त्या पिठाची किसरा करतात, आंबवून पातळ पसरून, आपल्या घावनाची बहीणच, आणि आसिदा म्हणजे घट्ट उकड. मी एकदा हौसेने भाकरी थापायला बसलो, पीठ जाडंभरडं, उकळत्या पाण्याने पण चिकटेना, भाकरी तव्यावर जायच्या आधीच तीन तुकडे. आमच्या टीमची स्वयंपाकीण इतकी हसली की तिने शेजारणींना बोलवून आणलं, मग त्या सगळ्यांनी मिळून माझ्या पिठाची आसिदा केली आणि मलाच वाढली.

राहिलं बारदान. रिकामी पोती मोजून ठेवा, छपराला, अंथरायला, दाराला पडदा म्हणून सगळ्याला लागतात आणि त्यावरून ज्वारीपेक्षा मोठी भांडणं होतात. गटाला गेलेली त्यांचीच. डीझीवर फुटलेल्यांची बाहेरची पोती मात्र तुमच्या ताब्यात राहतात, ती आधी दवाखाना, मग यादीत खूण केलेल्या म्हाताऱ्या, असं चीफसमोर ठरवून द्या आणि वहीत लिहा.

हेलिकॉप्टर यायच्या आदल्या रात्री पुढच्या टीमसाठी चिठ्ठी लिहायची. कुठली वाट पावसात बुडते, कुठल्या चीफचा आकडा बरोबर निघाला, कुणाचा नाही, पलीकडच्या काठाला होडी कुणाची आणि तो किती घेतो, तक्रारी कुठल्या राहिल्या, विहिरीचं पाणी पिण्यासारखं आहे का. ही चिठ्ठी लिहिल्याशिवाय झोपू नका, सकाळी हेलिकॉप्टरच्या आवाजात काही सुचत नाही.